फुगा फुटला म्हणणारं घर

फुगेकाकांच्या घरात एक शब्द उलटा वापरला जायचा. सारं जग ज्या अर्थाने वापरतं, त्याच्या बरोब्बर उलट. आणि त्या एका शब्दापायी त्यांच्या सुनेचे वडील लेकीच्या दारात पाऊल ठेवीनासे झाले. आता याला काय म्हणावं!

फुगेकाका म्हणजे फुगे विकणारे नव्हेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गल्लीतल्या पोरांना मात्र ते कधीच पटलं नाही. काका सकाळी कामाला निघाले की पोरं वाट अडवायची, "काका, येताना लाल आणा ना!" काका थांबायचे आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "आमच्याकडे एकच रंग. पांढरा. आणि दिला तुला, तर तूच जाशील वर. मग तुझी आई मला धरील." पोरांची हौस यामुळे आणखीच वाढायची, ते सोडा.

काका वेधशाळेत होते. शहर संपतं तिथे एक मोकळं मैदान, मैदानात एक उंच दाराची शेड आणि बाजूला दोन खोल्या. रोज ठरल्या वेळी तिथून एक मोठा पांढरा फुगा सोडायचा, हे त्यांचं काम. फुग्याला लांब दोरी, दोरीला एक छोटी छत्री आणि छत्रीखाली जेवणाच्या डब्याएवढी पांढरी डबी. फुगा चढत जातो आणि डबी वाटेत सांगत जाते, इथे इतकं गार, इथे इतकी ओल, इथला वारा या बाजूचा. ढग खाली राहतात, विमानं खाली राहतात, हा आपला चढतोच आहे. आपण घरी बसून ऐकतो ना, उद्या पाऊस पडेल म्हणून, त्याच्या मागे असा एखादा फुगा असतो.

शेवटी तो फुटतो. फुटायलाच हवा. जितका उंच जाऊन फुटेल तितकं काम चोख. कधी खालीच फाटला तर सगळी मेहनत पाण्यात, आणि पुन्हा पहिल्यापासून दुसरा भरा. म्हणून काका घरी आले की त्यांची बायको स्वयंपाकघरातूनच विचारायची, "फुटला का?"

काका दारातूनच ओरडायचे, "फुटला!"

"उंच?"

"दिसेनासा झाला!"

हे झाल्याशिवाय चपला पायातून निघायच्या नाहीत.

असं वर्षानुवर्षं चाललं की शब्द घरात मुरतो. मुलगा पास झाला, काकांनी त्याला उचलून धरलं, "फुटला!" बायकोने विणायला घेतलेला भलामोठा गालिचा पुरा केला, "फुटला गं तुझा!" एवढंच कशाला, काकांची आई खूप म्हातारी होऊन शांतपणे गेली, तेव्हा तिच्या उशाशी बसून काका हळूच म्हणाले, "आईचा फुगा फुटला. किती उंच गेली होती!" घरातल्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. सगळे रडले, पण तो शब्द बरोबर होता.

बाहेरच्या लोकांचं फुग्यांबद्दलचं बोलणं मात्र काकांना अजिबात खपायचं नाही. न्हाव्याकडे कुणी म्हणालं, "तो बघा, पद मिळालं आणि फुग्यासारखा फुगला," की काका खुर्चीतूनच मान वळवायचे. "चूक! चांगला फुगा जमिनीवर फुगतच नाही. सुरकुतलेला असतो. वर गेल्यावर फुगतो." कुणी म्हणालं, "त्याच्या फुग्याला टाचणी लावली," की हे म्हणणार, "टाचणी बिचणी काही लागत नाही. वर हवाच इतकी विरळ होते की तो आपला आपण पसरतो, पसरतो, आणि पसरायचा संपतो." कुणाच्या डोक्यात हवा गेली म्हटलं की यांचं उत्तर तयार, "हवा भरून फुगा उडत नाही. हलका वायू लागतो. डोक्यात हवा गेलेला माणूस जागचा हलायचा नाही." या म्हणी आल्या कुठून, याबद्दलही काकांचं एक स्वतःचं मत होतं. ज्यांनी ज्यांनी त्या पाडल्या त्यांनी जत्रेतले दोऱ्याला बांधलेले फुगे पाहिले असणार, सुटलेला कुणी पाहिलाच नसणार! खरंखोटं त्यांनाच ठाऊक. न्हावी कात्री थांबवून म्हणायचा, "काका, मान सरळ ठेवा, नाहीतर माझ्या हातून काहीतरी फुटेल."

अशा घरात सून आली ती सायकलवाल्याची लेक.

तिचे वडील, म्हणजे अप्पा, हेही म्हटलं तर हवेच्याच धंद्यातले. रस्त्याकडेला एक पत्रा टाकून पंक्चर काढण्यापासून सुरुवात केली आणि वाढत वाढत चौकातलं मोठं दुकान उभं केलं. काचेची भिंत, आत दिवे, आणि छताला बारीक तारांनी टांगलेल्या सायकली. संध्याकाळी दिवे लागले की तारा दिसायच्या नाहीत, फक्त हवेत उभ्या राहिलेल्या सायकली दिसायच्या. येणारेजाणारे थबकायचे. अप्पांची छाती फुगायची, आणि खरं सांगायचं तर बोलणंही जरा फुगायचं. पंक्चर आता मी हाताने काढत नाही, म्हणायचे, माणसं आहेत.

पुढे लोक स्कूटरी घेऊ लागले. काचेसमोर थबकणारे थबकत, पण आत कुणी येईना. एक दिवस दुकानाचं दार खाली ओढलं ते पुन्हा वर गेलं नाही. झालं! चहाच्या टपरीवर, वाण्याकडे, सगळीकडे एकच वाक्य, "सायकलवाल्याचा फुगा फुटला." न्हाव्याने तर तोंडावर म्हटलं, तेही गळ्यावर वस्तरा असताना. अप्पांना हूं की चूं करता आलं नाही.

आणि नेमकं त्याच दिवसांत लेकीचं लग्न ठरलं, फुगेकाकांच्या मुलाशी. दोन्हीकडची मंडळी पहिल्यांदा एकत्र जेवायला बसली. काकांना अप्पा मनापासून आवडले. त्यांच्या दुकानाचं कौतुक कधीचं मनात होतं, ते आज बोलून दाखवायचंच असं त्यांनी ठरवलेलं. पहिला घास घ्यायच्या आधी, सगळ्यांसमोर, हात जोडून ते म्हणाले, "व्याही, तुमचा फुगा काय उंच जाऊन फुटला हो! असं फुटायला भाग्य लागतं."

ताटं वाढलेली, आणि कुणाचाही हात हलेना. अप्पांनी घास खाली ठेवला. उठले, हात धुतले, कुणाकडे न बघता चपला घातल्या आणि निघून गेले.

काका अजून हसतच होते. "भारावले बहुतेक," ते बायकोला म्हणाले.

लग्न झालं, अप्पा आले, पण परक्या माणसासारखे कोपऱ्यात उभे राहिले. जाताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखी राहा. पण त्या घरात मी पाऊल टाकणार नाही." तिने समजावून पाहिलं, नवऱ्याने पाहिलं. त्यांच्या घरी त्याचा अर्थ वेगळा आहे हो अप्पा, ते कौतुक होतं! अप्पांचं एकच, "शब्दाचा कीस पाडू नकोस. मी आयुष्यभर ट्यूबा जोडल्यात. फुटली म्हणजे फुटली."

आणि काका? त्यांना जेव्हा कळलं आपण काय बोलून बसलो, तेव्हा ते पायरीवर मटकन बसले. "अरे देवा," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी कामावरून आले. आतून प्रश्न आला, "फुटला का?" काका चपला काढता काढता म्हणाले, "झालं काम." त्या दिवसापासून तो शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. काही दिवसांनी सासूबाईंनीही विचारणं सोडलं.

हे सुनेला उशिरा कळलं. एकदा गालिच्याची सुटलेली वीण सावरताना सासूबाई सहज बोलून गेल्या, "आधी दारातूनच ओरडायचे गं. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. घर कसं दणाणायचं." त्या हसल्या, पण सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण या घरात आलो आणि या घरातला सगळ्यात आनंदाचा शब्द आपल्यामुळे गेला, याचं तिला फार वाईट वाटलं.

तिकडे अप्पा दिवसेंदिवस खचत चालले होते. बंद दुकानात, खाली ओढलेल्या दाराच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून अंधारात बसायचे. दाढी वाढलेली. तिने नेलेला डबा पुढच्या खेपेला तसाच सापडायचा, उघडलेलासुद्धा नाही. त्यांच्या स्वतःच्या सायकलचे दोन्ही टायर जमिनीला चिकटलेले, आणि पंप हाताशी पडलेला. "हवा गेली गं माझी," ते एकदा म्हणाले, तेही सहज, जेवण झालं म्हणावं तसं. ती घाबरली. हा माणूस असाच बसून राहिला तर एक दिवस बसल्या जागी संपेल, हे तिला लख्ख दिसलं. इतकी माणसं असलेलं घर आपल्याकडे आहे, आणि तिथे हे यायला तयार नाहीत.

मग तिने एक लबाडी केली. सायकलवाल्याच्या लेकीलाच सुचावी अशी.

एका दुपारी औषधांच्या दुकानातलं काम आटोपून, फुगा सुटायच्या वेळेआधी ती आपली सायकल घेऊन वेधशाळेच्या मैदानाच्या कुंपणापाशी गेली, इकडेतिकडे पाहिलं, पुढच्या चाकाच्या वॉल्व्हचं टोपण काढलं आणि पिन दाबून सगळी हवा सोडून दिली. मग अप्पांना फोन केला. "अप्पा, पंक्चर झालंय हो. मी शहराबाहेर अडकलेय. इथे चिटपाखरू नाही."

लेकीच्या घरी न जाण्याची शपथ यात मोडत नव्हती, आणि पंक्चरला नाही म्हणणं त्या हातांना जमणारं नव्हतं. अप्पा आले. दाढी तशीच, पण खांद्याला हत्यारांची पिशवी. एक शब्द न बोलता सायकल उलटी केली, चाक फिरवलं, टायरवरून बोट फिरवलं. कान लावला. मग कमरेवर हात ठेवून लेकीकडे बघत राहिले.

"ही गेलेली नाही. काढलीय कुणीतरी."

"कोण काढणार अप्पा?"

"मग टोपण तुझ्या मुठीत कसं?"

ती ओशाळून मूठ उघडणार, तेवढ्यात पलीकडे शेडचं उंच दार करकरलं आणि फुगा बाहेर आला.

तिनेही इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. माणसापेक्षा उंच, दुधासारखा पांढरा, आणि उन्हात इतका पातळ की पलीकडे काका सावलीसारखे दिसत होते. अंगावर सुती कपडे, नखं मुळापर्यंत कापलेली, बोटात अंगठी नाही. आतला वायू पेट घेणारा आणि रबर नाजूक, म्हणून ठिणगी आणि ओरखडा, दोन्हींची भीती. फुगा वरून गोल होता, पण खाली सगळा सैल, सुरकुत्या पडलेला. वाऱ्यावर डुलत होता आणि काका दोन्ही हातांनी त्याची मान धरून त्याला सांभाळत होते.

अप्पांना राहवलं तर शपथ. "कमी भरलाय!" ते कुंपणापाशी जाऊन ओरडले. "अजून भरा! निम्मा रिकामा आहे!"

काकांनी वळून पाहिलं. व्याह्यांना पाहून त्यांचा चेहरा पडला आणि उजळलाही. नमस्कार करावा तर हात सोडता येईना. "वर फुगायला जागा ठेवावी लागते, व्याही," ते म्हणाले. "इथेच पुरा भरला तर वर जाऊन काय करील?"

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, फुगा आडवा झाला आणि दोरीच्या टोकाची डबी गवतावरून फरफटली. काकांच्या जोडीच्या बाई आत यंत्रापाशी बसलेल्या. काका कळवळून म्हणाले, "जरा डबी धरता का हो? आपटली तर आंधळी होईल."

अप्पा फाटकातून आत गेले. पिशवी टाकली आणि ती डबी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"मी सोडला की माझ्या बाजूला धावा," काका म्हणाले. "दोरी ताणली की हात उघडा. ओढू नका, फेकू नका. नुसता उघडा."

काकांनी फुगा सोडला. तो गेला तो असा गेला की आवाजसुद्धा झाला नाही. अप्पा धावले. किती दिवसांनी धावत होते कोण जाणे, धापा टाकत, हत्यारांच्या पिशवीला अडखळत. दोरी ताणली. अप्पांनी हात उघडले आणि डबी त्यांच्या तळव्यांवरून हलकेच उठली, कुणी मागून घ्यावी तशी. ते तसेच उभे राहिले, रिकामे हात समोर धरून, तोंड उघडं टाकून. फुगा घराएवढ्या उंचीवर, मग झाडांच्या वर, मग बोटाच्या पेराएवढा, मग नुसता एक पांढरा ठिपका. सुनेची मानही दुखेपर्यंत वर होती. आपल्या जेवणाच्या वेळा आणि औषधांच्या दुकानातली आपली नोकरी जिथे चालते, त्याच्या डोक्यावर एवढं मोठं काहीतरी रोज चढत असतं, आणि आपण एकदाही मान वर करून पाहिलं नाही!

"आता?" अप्पांनी विचारलं. कुजबुजतच विचारलं.

"आता आत चला. ती बोलायला लागली असेल."

यंत्राच्या पडद्यावर एक रेघ चढत होती. जोडीच्या बाईंनी खुर्ची पुढे केली. अप्पा बसले ते पडद्याला नाक लावूनच. ढग ओलांडले. थंडी वाढत गेली, पाणी गोठेल त्याच्या कितीतरी खाली. काका सांगत होते, "याच घटकेला जगात शेकडो ठिकाणी माझ्यासारखा कुणीतरी आपला फुगा सोडून आत येऊन बसलाय. ज्यांची भाषा मला येत नाही, तोंड मी पाहिलं नाही, ते सगळे. आपलं आभाळ असं सगळ्यांनी मिळून एकदम चाचपायचं."

"सगळे? एकाच वेळी?" अप्पा म्हणाले. चहा आला, गार झाला. रेघ चढत होती. "आता केवढा झाला असेल?"

"या खोलीएवढा."

"आणि रबर?" रबराशी आयुष्य काढलेला माणूस तो, त्याला ते बोटांतच कळलं. "किती पातळ झालं असेल हो! असं रबर मी आयुष्यात पाहिलं नाही. तरी टिकलंय?"

"टिकलंय."

"मग खाली कसा उतरवता?"

"उतरवत नाही. तो..." काकांनी शब्द गिळला. जोडीच्या बाई चमकून पाहू लागल्या. "तो काम पुरं करतो," काका जमिनीकडे बघत म्हणाले.

अप्पा पडद्यावरून नजर काढून व्याह्यांकडे बघत राहिले. सून भिंतीला टेकून दोघांकडे आळीपाळीने पाहत होती.

आणि रेघ थांबली. टोकाशी क्षणभर थबकली आणि खाली वळली. बाई सवयीने काकांकडे वळल्या, ते ओरडतील म्हणून. काकांचे ओठ हलले. पण ते काही बोलले नाहीत.

"आणि ती डबी?" अप्पांनी विचारलं.

"छत्रीला लटकून येतेय. पडेल कुठेतरी. पण तिचं सांगून झालंय, व्याही. जे काय सांगायचं ते तिने चढताना सांगितलं. ते आता कुणी परत घेऊ शकत नाही." काकांनी हात जोडले. "त्या दिवशी मला एवढंच म्हणायचं होतं. आमचा मुलगा शाळेतून येताना तुमच्या काचेसमोर उभा राहायचा. हवेत उभ्या सायकली बघत. जेवायची शुद्ध नसायची, मी शोधायला यायचो आणि त्याच्याशेजारी मीही तसाच उभा राहायचो. मोठा झाल्यावर तो आत आला आणि गल्ल्यावर ही बसलेली होती." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "मला नीट बोलता आलं नाही. चुकलं माझं."

अप्पांनी लेकीकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं, डोक्यापासून पायापर्यंत. मग बाह्यांनी डोळे पुसले आणि उठले.

"चाकात हवा भरायचीय," ते म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी हवा भरली, अंगठ्याने टायर दाबून पाहिला, टोपण मागून घेऊन बसवलं. सायकल हातात धरून काकांच्या बरोबरीने चालू लागले. कुठे चाललो, कुणी विचारलं नाही. सून मागून येत होती. गल्लीच्या टोकाशी पोरांनी काकांना घेरलं, लाल हवा म्हणून, तर अप्पाच म्हणाले, "पांढराच असतो रे."

सासूबाई आत विणत बसल्या होत्या. चपलांचा आवाज आला. सवयीप्रमाणे त्या गप्पच राहिल्या.

अप्पांनी सायकल भिंतीला टेकवली. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबले. मग पाऊल आत टाकलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले, "विहीणबाई, फुटला!"

आत विणायच्या सुया खाली पडल्याचा आवाज आला. आणि मग सासूबाईंचा आवाज, कापरा, पण नेहमीसारखा मोठा.

"उंच?"

अप्पांनी काकांकडे पाहिलं. काका दारात उभे राहून लहान मुलासारखे रडत होते.

"दिसेनासा झाला," अप्पा म्हणाले.